गुरुद्वाऱ्याच्या दाराशी

ती. आईस,
भोईवाड्याकडे तोंड करून तुला आणि बाबांना नमस्कार.

टीव्हीवर बातमी बघून घाबरली असशील. आम्ही सुखरूप आहोत. इथे अमेरिकेत, आमच्याच गावातल्या गुरुद्वाऱ्यात शिखांचा द्वेष करणाऱ्या एकाने गोळीबार केला. त्यात शेजारच्या हरबन्सआंटींचे यजमान गेले.

इथल्या आपल्या देवळातल्या बैठकीत कुणी म्हणालं, "आपण शीख नाही, अशी पाटी दारावर लावू या." अवधूत म्हणाला, "त्यापेक्षा त्यांच्याकडे जाऊ या." तुझा जावई एरवी चार माणसांत बोलत नाही. रविवारी सगळे गेलो. बायका लंगरच्या पोळ्या लाटायला बसल्या, पुरुष पहाऱ्याला दाराशी उभे राहिले. मी सारखी खिडकीतून अवधूतकडे बघत होते. हे बाबांना सांगू नकोस.

हरबन्सआंटींनी विचारलं, "बेटा, तुम्हारी माँ कहाँ है?" "मुंबई में" म्हणताना माझाच बांध फुटला. सांत्वन करायला मी गेलेली, आणि त्यांनीच मला जवळ घेतलं. त्यांच्या ओढणीला तुपाचा वास येत होता. डोळे मिटून क्षणभर मी तुझ्या स्वयंपाकघरात आले.

तुझा गुडघा कसा आहे? चाळीचा जिना सांभाळून उतर.

या रविवारीही आम्ही दोघं जाणार आहोत. रागावू नकोस.

तुझीच,
पद्मजा