खेचरवाल्याचं नाव

सावळवाडी, ता. मंठा
१६ ऑगस्ट २०२४

चि. छकुलीस, अनेक आशीर्वाद.

गोळ्या घेते आहे, काळजी करू नकोस. पण कालपासून डोकं ठिकाणावर नाही. फोनवर सांगताना रडले असते, म्हणून लिहिते.

काल झेंडावंदनानंतर शाळेपुढं गावातल्या फौजींच्या नावांचा दगड उघडला. बारा नावं आहेत. तुझ्या बाबांचं नाही. सगळ्यांसमोर सरपंच देवानंदला विचारलं, तर म्हणे काकू, हे लढलेल्यांचं हाय, सांडूकाका तर खेचरं हाकत व्हते. लईच वाटत असंल तर खाली 'इतर' म्हणून टाकू.

कारगिलच्या डोंगरावर दारूगोळा काय आपोआप चढला? वर पेट्या न्यायच्या, उतरताना जखमी जवान खेचरावर बांधून आणायचे, आणि तेही वरून गोळे पडत असताना. नऊ जणांना उतरवलं त्यांनी. पायाची दोन बोटं बर्फात गेली. त्यांना मी 'इतर' होऊ देणार नाही.

तुझी आई,
गोपिकाबाई


सोलापूर
२१ ऑगस्ट २०२४

ती. आईस, सा. न. वि. वि.

दवाखान्यात ड्यूटी संपवून लिहिते आहे. आई, खाली का होईना, नाव येतंय ना? पदरात पाडून घे. तुला त्या गावात एकटीनं राहायचंय. बाबा गेले तेव्हा याच लोकांनी खांदा दिला. शिवाय बाबा स्वतःच हसत म्हणायचे, की आपण फौजेतले हमाल.

खरं सांगू? शाळेत मी बाबा फौजी आहेत एवढंच सांगायचे. खेचराचं कळलं तर मुली हसतील, ही भीती. सासरीही अजून तेवढंच माहीत आहे. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
छकुली


सावळवाडी
२५ ऑगस्ट २०२४

चि. छकुलीस, आशीर्वाद, पण आज थोडे हात आखडून.

स्वतःला हमाल म्हणायचा हक्क त्यांचा होता. तुझा नाही, आणि देवानंदचा तर बिलकुल नाही. तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही.

आता ऐक. पुढच्या सोमवारी पोळा. वीटभट्टीवाल्या रखमाजीचं खेचर मी मागून ठेवलंय. आदल्या दिवशी हळद-लोणी लावून त्याचे खांदे मळणार, झूल घालणार आणि बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभं करणार. जो भार वाहतो त्याचा पोळा. मग खेचरानंच काय पाप केलं? असला तमाशा केला तर रांगेतून हाकलू, असा देवानंदचा निरोप आला. मी उलट कळवलं, की हाकलून बघ.

तू मात्र येऊ नकोस. सासरच्यांना कळेल.

आई


सोलापूर
४ सप्टेंबर २०२४

ती. आईस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पोळ्याच्या सकाळी मला दारात बघून तुझ्या हातातली परात कशी निसटली, ते इथं सगळ्यांना सांगितलं. कशासाठी गेले होते तेही सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, एवढं लपवायला काय झालं होतं?

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. मी कासरा धरून रांगेत उभी होते. लोक हसत होते, आणि तू पुढं त्यांच्याशी भांडत होतीस. तेव्हा देवानंद हळूच माझ्याजवळ आला. म्हणाला ताई, खेचर घरी न्या, मंग काकांचं नाव वरच्या बाराजणांत घेतो. नुसतं 'सैनिक' लिहितो, खेचराचं कुणाला कळायचं न्हाई.

आई, हेच तर मी इतकी वर्षं करत आले. माझीच मला लाज वाटली. मी त्याला सांगितलं, की नाव वरच घ्यायचं आणि त्यापुढं 'खेचरवाला' लिहायचं, बाकीच्यांइतक्याच मोठ्या अक्षरात. ते कबूल होईपर्यंत हे जनावर तोरणाखालून हलणार नाही. त्यानं मागचे खोळंबलेले बैल पाहिले, माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

पाथरवट पुढल्या आठवड्यात येणार आहे. दगडापाशी खुर्ची टाकून बस. अक्षर जरा जरी लहान निघालं तरी कळव, मी मिळेल त्या गाडीनं निघते.

तुझ्या मायेची धनी,
छकुली
सांडू खेचरवाल्याची लेक