हळदीच्या डब्यामागची बाटली

पेण, १९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मनालीस अनेक आशीर्वाद.

तिकडे वरसे गावात तुझ्या माहेरी सगळे बरे असतील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून सासूला हे पत्र लिहावं लागतंय.

आधी एक सांगते. त्या दिवशी मी तुला नाही नाही ते बोलले, तुझ्यामुळे सासऱ्यांची साखर चढली म्हणाले, आणि तू उलटून एक शब्द बोलली नाहीस. बॅग भरून निघालीस. तेव्हापासून मला चैन नाही. गप्प बसणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. मी दूधवाल्याच्या मापावरही नजर ठेवणारी, तुला ठाऊकच आहे.

यांची इन्सुलिनची बाटली तुझ्या हातात होती आणि फ्रिज उघडा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आदर्शला तेवढंच सांगितलं, "तुझ्या बायकोनं औषध भायेर ठेवलंन, म्हणून बिघडलंय." त्याला ते पटलं.

बाटलीला हळद लागली होती, तेही मी पाहिलं. ते सांगितलं नाही.

श्रावण लागल्यावर मीच ती काढून गॅसवरच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे ठेवली होती. ते औषध डुकरापासून करतात असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि फ्रिजात देवाचं दूध. रोज सकाळी यांच्या हातात बाटली मीच द्यायची, त्यामुळे कुणाला कळलं नाही. तुला ती सापडली आणि तू जागेवर ठेवत होतीस.

साखर उतरेना म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला होता. काल नवी बाटली आणली. औषध चांगलं आणि डोस वाढीव, यांची साखर एकदम खाली गेली; हे घामाने भिजले, मला ओळखेनात. कसंबसं साखरपाणी पाजून दवाखान्यात नेलं. आदर्श शिफ्टला होता. डॉक्टरांनी विचारलं, जुनी बाटली कुठे ठेवायचात? "फ्रिजात," मी म्हणाले. मग यांच्याकडे बघितलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टरांनी डोस कमी केला, आता हे बरे आहेत. हल्ली ते औषध जनावरापासून करत नाहीत, असंही डॉक्टर म्हणाले.

तू आदर्शला का सांगितलं नाहीस? मला सांभाळून घेतलंस की माझी फजिती व्हायची वाट बघत होतीस, हा संशय अजूनही येतो. स्वभावच तसा. पण मला फार लाज वाटते, मनाली.

आदर्शसमोर हे तोंडाने सांगायला मला जमलं नाही. म्हणून पत्र त्याच्याच हाती तुझ्याकडे पाठवतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत नागोठणं येईपर्यंत तो वाचल्याशिवाय राहणार नाही, माझाच मुलगा आहे.

तुझी अपराधी,
मालू