खोली अजून पुठ्ठ्याची आहे

मंगळवार, ९ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. मी मजेत आहे. तूही मजेत असशील असं लिहून मोकळा होत नाही. गुडघा कसा आहे ते कळव. पायरी उतरताना आधी कुठला पाय टाकतेस, तेही लिही. हसू नकोस, मला खरंच हवं आहे.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर मी तुला बोलू देत नाही ही तुझी जुनी तक्रार. पत्रात निदान कोणी कोणाचं बोलणं मधेच तोडू शकत नाही. खोलीबद्दल मात्र यात एक अक्षर लिहिणार नाही. एप्रिलमध्ये तुझ्यासाठी तयार केलेल्या खोलीचे फोटो पाठवले, तू जे बोललीस ते बोललीस, मी फोन ठेवला. विषय संपला.

कामाचं सांगतो. पेन्शन कचेरीच्या नव्या दालनाचं सगळं लाकूडकाम मला मिळालं आहे. वर्षातून एकदा जाऊन आपण जिवंत आहोत हे जिथे सांगावं लागतं, ती कचेरी. तुझ्याकडेही असेलच तशी एक. मला वाटलं, मापं देतील, मी काउंटर करून देईन. कुठल्या शाळेत न जाता सगळी हयात हेच करत आलो, आणि माझा एकही खण आजवर अडकलेला नाही.

पण कचेरीने एक डिझाइनवाली बाई नेमली आहे. असेल पस्तिशीची. पहिल्याच दिवशी मला 'काका' म्हणाली, तेव्हाच ओळखलं, हे काम जड जाणार. तिने मला लाकडाला हातच लावू दिला नाही.

"काका, आधी पुठ्ठ्याचं करू."

"पुठ्ठ्याचं काउंटर? बाहुल्या बसणार आहेत का तिथे?"

"माणसंच येणार आहेत. पण मोडायला येणार आहेत."

तिच्या खोलीत गेलो तर भिंतभर माणसं. म्हणजे कागद, एकेका कागदावर एकेक माणूस लिहिलेला. 'पोस्टातून निवृत्त. कमी ऐकू येतं, पण ऐकू आलं असं दाखवतात.' 'पूर्वी परिचारिका. सुनेला सोबत आणावं लागतं, तिची रजा वाया गेली म्हणून दिवसभर चुटपुटतात.' ती यांना पर्सोना म्हणते, मी कागदी माणसं म्हणतो. ही कोणी एक खरी व्यक्ती नसते, पण हवेतलीही नसते. कचेरीच्या रांगेत उभं राहून तिने कितीतरी जणांशी गप्पा मारल्या, त्यातून ती घडवली. काहीही ठरवायचं झालं की आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवायचं आणि भिंतीकडे बघून विचारायचं, यांना हे कसं जाईल?

मी म्हटलं, रांगेत उभं राहायची मला गरज नाही, एक माणूस मला तोंडपाठ आहे. कोरा कागद मागून घेतला आणि एका बैठकीत लिहून काढला. पासष्टीची बाई. उंची माझ्या खांद्याएवढी. चष्मा गळ्यात. पिशवी कायम जड. नीटनेटकी, समोर पसारा खपत नाही. एकदा बसली की उठत नाही.

बाईने वाचलं. "छान लिहिलंय. हे सगळं त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? सख्खी बहीण आहे माझी."

तिने कागद भिंतीवर लावला, पण कोपऱ्यात, आणि वर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो.

तरी काउंटर मात्र असं केलं की पुठ्ठ्याला पॉलिश बसत असतं तर तेही केलं असतं. कोपरे चौकोनात, जोड कुठे दिसायचा नाही. पुढच्या बाजूला, फळीच्या खाली, पिशवी टांगायला हूक लावला. पिशवी नजरेआड, वरची फळी मोकळी. तो हूक म्हणजे त्या काउंटरचा दागिना, असं माझं मत होतं.

गेल्या गुरुवारी खरी माणसं बोलावली. नियम असा, की ज्याने केलं त्याने बाजूला उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. पहिल्या आल्या त्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई. तुझंच वय, तुझीच उंची. मनात म्हटलं, घ्या, माझा कागदच चालत आला. त्यांनी हुकाकडे पाहिलं आणि पिशवी काखेतच ठेवली. एका हातात पिशवी, दुसऱ्यात कागदपत्रं, सहीला हात उरेना. मला राहवलं नाही.

"अहो, तिथे हूक आहे."

डिझाइनवालीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"दिसला हो हूक," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "पण खाली टांगली की पिशवी मला दिसत नाही. माझं सगळं तिच्यात असतं."

"पडणार नाही. मी जबाबदार."

"पडण्याचं कुठे म्हणतेय मी? तो कोणासाठी लावलाय, ते विचारतेय."

डिझाइनवालीने माझ्या हातात कटर दिला. उभ्या उभ्या हूक कापून काढला आणि हाताशी, डोळ्यांसमोर एक छोटी फळी चिकटवली. बाईंनी पिशवी तिच्यावर ठेवली, तिला एकदा थोपटलं आणि सही केली. नंतर एक आजोबा आले ते थेट दोन्ही कोपरांवर रेलले आणि माझं काउंटर बसलं की खाली. सगळे हसले, आजोबाही. मी म्हटलं, लाकडाचं असतं तर केसभरही वाकलं नसतं. डिझाइनवाली म्हणाली, "हो ना काका. ते वाकलं नसतं म्हणून आजोबाच वाकत राहिले असते, आणि आपल्याला कळलंही नसतं." आता तिथे रेलायला दांडा आणि मागे बसायला बाक येतोय.

ताई, फोटो बघून तूही त्या शिवणवाल्या बाईंसारखंच विचारलं होतंस. "छान आहे रे. कोण येणार आहे इथे राहायला?" मला तो टोमणा वाटला. तू इतक्या शांतपणे विचारलंस, की टोमणाच असणार असं मी धरून चाललो. त्याच्या आधी तू आणखी एक विचारलं होतंस: दाराला आतून कडी आहे का? मी म्हटलं, कडी कशाला, घरात आपण दोघंच, रात्री-बेरात्री पडलीस तर? तू "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखतो, आणि तरीही पुढे बोलत सुटलो. भिंतभर कपाट, पलंगाखाली खण, खिडकीशी पक्कं बसवलेलं टेबल. भावोजी गेल्यापासून तू तिसऱ्या मजल्यावर एकटी, लिफ्ट नाही, गुडघा असा. म्हणून ही सगळी तयारी. तुला एकही प्रश्न न विचारता.

डिझाइनवाली शुक्रवारी गमतीत म्हणाली, "काका, तुमचाही एक कागद करू का?" मी म्हटलं, काही नको. पण घरी येईपर्यंत डोक्यात तो तयार झाला. 'मध्यमवयीन पुरुष. स्वतःच शिकलेला, आणि ते ऐकवतो. बायको गेल्यापासून जेवतो ते ओट्याशी उभ्यानेच. टेबल स्वतः केलेलं आहे, त्यावर बसत नाही. बहिणीने राहायला यावं असं वाटतं. कारण विचारलं की तिच्या गुडघ्याचं सांगतो.'

तर खोलीचं. रविवारी सगळं उकललं. कपाट, पलंग, टेबल, सगळं माझ्याच हाताने, एकही स्क्रू न वाकवता. ते आता कामाच्या शेडमध्ये आहे. खोलीत त्या जागी पुठ्ठ्याचं कपाट आहे, पुठ्ठ्याचं टेबल आहे, पायाने ढकललं तरी सरकतं. झोपायला खाट शेजारून मागून आणली आहे. ती माझी नाही, म्हणून मोजत नाही. दाराशी एक पायरी आहे. पाय कुठला ते म्हणूनच विचारलं. पण तू लिहून कळवलंस तरी मी मनानेच काहीतरी ठरवीन. त्यापेक्षा चढूनच दाखव.

चार दिवस ये. पिशवीत हवं ते घेऊन ये, हवं तिथे ठेव. टेबल नको असेल तर लाथ मार. हे इथे कशाला आणि ते तिथे का नाही, असं जे वाटेल ते पुठ्ठ्यावरच लिही, पेन्सिल ठेवली आहे. मी बाजूला उभा राहीन. तोंड उघडलं तर तू माझ्याकडे नुसतं बघ, त्या बाईसारखं. मला सवय झाली आहे. आणि शेवटी ही खोली तुझी नाही, तुझी जागा तिसऱ्या मजल्यावरच आहे, असं निघालं, तर तेही पुठ्ठ्यातच कळू दे. लाकूड मी त्यानंतर कापीन, नाहीतर कापणार नाही.

लहानपणी मला तू ठेवलेलं नाव आवडायचं नाही. बाबांची चप्पल पायरीला खिळ्याने ठोकली होती, त्या दिवसापासूनचं. दिसेल ते ठोकून पक्कं करायचं, हा माझा स्वभाव तुझ्या तेव्हाच लक्षात आला होता.

खोलीत खरी अशी एकच गोष्ट बसवली आहे. दाराला आतून कडी. पितळी, अंगठ्याने सरकते, आवाज करत नाही. बाहेरून उघडायची सोय करायचं मनात होतं, हत्यारही हातात घेतलं होतं. केली नाही. हवी असेल तर तू सांगशील.

आलीस की आधी ती लावून बघ. मी दार वाजवून येईन.

तुझा,
ठोक्या