दोन चाकांची ऐट

७ जानेवारी, रविवार

पडले! पडणारच होते. मी अंगणात धुणं वाळत घालत होते, तेवढ्यात धाडकन् आवाज. मोटरसायकल आडवी आणि तिच्याखाली आमचे हे. कशासाठी? तर "नुसती चालू करून बघत होतो." शुगरनं डावा पाय गुडघ्याखाली गेला, आठ महिने झाले. तिथं आता बसवलेला पाय आहे. गिअर डाव्या पायात. रबराच्या पायाला गिअर कळतो का? माझ्या दुसरीच्या वर्गातल्या पोरानं सांगितलं असतं.

उचलायला शेजारचा माणिकप्पा आला. उचलता उचलता म्हणतो, "वैनी, रामलिंगभाऊ म्हंजे वाघ हाय वाघ!" वाघाला खाटेवर निजवला आणि कोपराला हळद लावली.

८ जानेवारी

बोलत नाहीत. राग माझ्यावर! का, तर पडलेलं मी बघितलं.

१० जानेवारी

जाईचा पुण्याहून फोन. बाबांना तीनचाकी घ्या म्हणे. "आई, ब्रेक हातात, गिअरच नाही, पडायची भीती नाही." लेक हुशार, पण बापाला सांगायचं धाडस नाही. "तूच सांग ना!" वा! मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला आई.

सांगितलं. उत्तर आलं — "अपंगाची गाडी मला नको." मग तुम्ही कोण? पैलवान?

१४ जानेवारी, रविवार

भोगीची भाजी-भाकरी पहाटेच उरकली आणि यांना सोलापूरला नेलं. नळदुर्गच्या स्टँडवर कंडक्टरनं हात दिला, तर झिडकारला! सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची ही गर्दी. कसंबसं दुकान गाठलं.

तीनचाकी मला तरी बरी वाटली. पुढं एक चाक, मागं दोन, मध्ये खुर्चीसारखी ऐसपैस सीट, मागं कुबड्या ठेवायला मोठा डबा. उलटीही चालते! मी म्हणाले, "पिशवी, पाण्याचा कॅन, सगळं मावतंय की यात." दुकानदार खूश. यांनी कुबडी टेकत गाडीभोवती एक चक्कर मारली, डब्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आईस्क्रीम इकायची गाडी हाय ही." मग शेजारच्या बिनगिअरच्या स्कूटरवर हात फिरवत उभे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जत्रेतल्या पोरासारखा हट्ट! मला दुकानात तोंड लपवावंसं वाटलं.

१६ जानेवारी

एकच धोशा — घेईन तर दुचाकी. डॉक्टर कालच फोनवर नको म्हणाले. थांबताना गाडी डावीकडं कलली की हा पाय भार घेणार नाही, पुन्हा जखम झाली तर आणखी वर कापावं लागेल. ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही!

सगळं लोकांसाठी. लोक काय म्हणतील! लोक किती आले भेटायला? हा एक माणिकप्पा, तोही चहाला. यांचं पंपदुरुस्तीचं दुकान बंद, दाढी वाढलेली, उंबरा ओलांडायचा नाही. पण ऐट दोन चाकांचीच.

२१ जानेवारी, रविवार

भांडण झालं. मीच काढलं. पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "तीन चाकांवर बसलं तर मिशी गळून पडती का तुमची?"

हे एकदम ओरडले, "आन् तू? तू काय त्या डब्यात बसणार व्हय?"

मला कळेचना.

"बावीस वर्षं तुला शाळंवर सोडलं. एक दिवस खाडा न्हाय. आता वडापच्या जीपला लटकून जाती तू, बघतो की म्या खिडकीतनं. त्या तीनचाकीवर मागं जागा हाय का बसाय? मग काय करायची ती? मला एकट्याला कुठं जायचंय?"

लाटणं हातातच राहिलं. मी तो डबा नीट बघितला होता! पिशवी मावते का, कॅन मावतो का, सगळं बघितलं. मला बसायला जागाच नाही, हे डोक्यातच आलं नाही. मास्तरीण म्हणे! जगाला अक्कल शिकवते.

रडले. यांच्यासमोरच रडले. पोळी करपली.

२२ जानेवारी

इतके दिवस या माणसाला मूर्ख समजले. मूर्ख आहेतच — पण कारण मी भलतंच धरलं होतं.

सकाळी चहा देताना सांगून टाकलं, "तीनचाकी तुम्हाला. ती स्कूटर मला. मी शिकते. शाळेपर्यंत तुम्ही बरोबर यायचं, आपापल्या गाडीवर."

"तुला सायकल तरी येती का गं?"

नाही येत. चोपन्न वर्षांत कुणी शिकवली? मागं बसायचं तेवढं शिकले. यांनी बशीतला चहा संपवला आणि दाढीचं सामान मागितलं.

११ फेब्रुवारी, रविवार

शाळेच्या मैदानावर पाचवा दिवस. हे तीनचाकीवर बसून हुकूम सोडतायत — "ब्रेक! अगं ब्रेक!" मी ब्रेकऐवजी रेस दिली आणि गाडीसकट सरळ कडेच्या काटेरी कुपाटीत. साडी फाटली, हातात काटे. आणि हे हसले! पाय गेल्यापासून पहिल्यांदा. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी मुद्दाम जरा वेळ तशीच कुपाटीत बसून राहिले.