चोवीस सांधे

३ फेब्रुवारी

चोवीसच्या चोवीस सांधे ढिले! सहा खुर्च्या, प्रत्येकीचे चार पाय. पाय खाचेत बसतो आणि पडायला आलेल्या दातासारखा हलतो. एकेक हलवून पाहिला. दोनदा.

नवे पाय करण्याइतकं लाकूड उरलेलं नाही. वाचनालयाच्या जुन्या छपराच्या तुळया होत्या — त्यांच्याच खुर्च्या तिथल्याच वाचकांसाठी. दुसरं लाकूड चालणार नाही. खिळा नाही, सरस नाही. खुर्ची कधीही सुटी करून दुरुस्त करता आली पाहिजे. ही अट मीच घातली. मोठी शहाणी!

४ फेब्रुवारी

बाबांना अजून सांगितलं नाही. ते पाठींच्या फळ्यांना रंधा मारत बसलेत. हात कापतो, पण रंध्यावर ठेवला की शांत होतो. खाचा कोरायच्या पटाशीवर मात्र नाही. म्हणून तर सांधे मशीनवर कापायचे ठरले — मी ठरवले. ते तेव्हा एवढंच म्हणाले, मशीनला बोटं कुठायत?

आई जेवायला हाका मारून दमली. म्हणे, आता लाकूडच खा.

५ फेब्रुवारी

मशीनवाल्याकडे गेले. भांडायचंच ठरवून. त्याने पडद्यावर माझेच आकडे दाखवले. "ताई, मशीन मनाचं काही करत नाही. तुम्ही दिलंत तेच कापलं."

आकडे बरोबर होते. बाबांनी केलेल्या नमुन्याच्या खुर्चीवरून मीच घेतलेले, प्रत्येक माप तीन वेळा. मग चूक कुठे? ती खुर्ची तर दोन वर्षं सगळे वापरतात. जराही हलत नाही!

६ फेब्रुवारी

काही सुचत नाही.

७ फेब्रुवारी

बाबा दवाखान्यात गेले तेवढ्यात नमुन्याची खुर्ची उघडली. मापांच्या वेळी त्यांनीच ती सुटी करून दिली होती — तुझ्या हातून फुटेल, म्हणाले होते. आज पाय ओढला, तर खाचेतून लाकडाची पातळ पाचर खाली पडली. मग दुसऱ्या पायातून. चारही पायांत होत्या.

पाचर! मी सात वर्षांची असताना मी करत असलेल्या स्टुलाची खाच मोठी झाली आणि मी गुपचूप पाचर भरली. त्यांनी ते स्टूल माझ्याकडून पहिल्यापासून करवून घेतलं. सांध्यात पाचर म्हणजे बसणाऱ्याशी खोटं बोलणं, असं म्हणाले होते.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी ही खुर्ची केली तेव्हाच बाबांचा हात कापायला लागला होता. माप देताना पाचरी काढून ठेवल्या, नंतर परत भरल्या. आणि मी त्यांची चूक केसाइतकाही फरक न करता चोवीस वेळा कापून आणली.

पाचरी होत्या तशा बसवल्या. पाय ठोकून घट्ट केले.

८ फेब्रुवारी

सांधे ढिले आहेत, एवढंच बाबांना सांगितलं. त्यांनी एक पाय हलवून पाहिला. विचारलं, "चूक कोणाची?"

"माझी. माप चुकलं."

त्यांच्याशी बोललेलं पहिलं खोटं. त्यांनी उरलेल्या तुकड्यांतून तुळईचा एक शोधून माझ्यापुढे ठेवला.

"पाचरी तू काप. किती जाड, ते मला माहीत आहे."