गोफणीच्या दगडाचा जोर

मुक्काम उमापूर, तालुका गेवराई
पौष शुद्ध दशमी, फसली १३२१

तीर्थरूप मामांच्या चरणी जावई राधाकिशन मास्तर याचे शिरसाष्टांग दंडवत. आम्ही उभयता खुशाल आहोत, म्हणजे अन्न गोड लागते. माझ्या खांद्यांचे पुढे लिहितो. मामींचा गुडघा आता कसा आहे? आष्टीकडे ज्वारी बरी असेल. आपला पांढरा खोंड एव्हाना जुवाला सरावला असेल (हे आपले सहज विचारले).

पत्रास कारण की, गेल्या सोमवारी आमचे पाटील सुंदरराव यांचा मोटेचा बैल आमच्या शेताच्या बांधाशी लंगडताना सापडला. मागच्या पायाची नळी टम्म सुजलेली. जवळ दोन दगड पडलेले, एक दोन शेरांचा धोंडा आणि दुसरा लिंबाएवढा, छटाकभर. धोंडा राखणदार शहादेवाने फेकला होता. जनावर ज्वारीत शिरले की हाताला येईल ते तो फेकतो, आणि तसे त्याने कबूलही केले. पण धोंडा बैलाच्या अलीकडेच पडला असे तो पोरींची शपथ घेऊन सांगत होता. ऐकतो कोण? पंचांनी दोन्ही दगड तागडीत घातले आणि जड तो गुन्हेगार ठरवला. (न्याय तागडीत तोलतात हे मी मुलांना नेहमी शिकवतो, पण खरोखरीची तागडी आणतात हे पहिल्यांदाच पाहिले.) शहादेवाची राखण जाणार होती. घरी म्हातारी आई आणि तीन लेकी. तो पारावर मान खाली घालून बसला होता. मी उठून म्हणालो, नुसत्या वजनावरून मार कळत नाही, वेगही मोजा.

कसा मोजायचा ते नगरहून आणलेल्या पुस्तकात आहे. शुक्रवारी सकाळी मी पारापुढे कुंभाराचा चिखल थापला. शेराचे वजन एक हात उंचीवरून सोडले, ते एक बोट रुतले. चार हातांवरून सोडले, चार बोटे रुतले. आता चार हातांवरून येताना वेग चौपट होत नाही, दुप्पटच होतो. म्हणजे वेग दुप्पट तर मार चौपट. म्हणून वेगाला वेगानेच गुणायचे, मग वजनाने गुणायचे आणि निम्मे करायचे. यावर पाटील म्हणाले, "निम्मं कावून? बाकीचं आर्धं सरकारजमा झालं का?" मी म्हणालो, दोन्ही दगडांचे निम्मेच करतो, कुणावर अन्याय नाही. चिखलापेक्षा हेच पंचांना जास्त पटले.

वेग काढायला दगड सरळ वर फेकायचा आणि तो खाली येईपर्यंतचे सेकंद मोजायचे (लग्नात आपण दिलेल्या घड्याळावर, ते अजून चालते). त्यातला निम्मा वेळ चढण्याचा, आणि त्यातल्या दर सेकंदामागे वेग बत्तीस फूट धरायचा. शहादेवाचा धोंडा एका सेकंदात परत आला, म्हणजे वेग सोळा फूट. आता लहान दगड गोफणीतून मारायला कुणीतरी हवे होते. आपल्या केसरसारखा हात पंचक्रोशीत कुणाचा आहे? आपणच शिकवलेला. मी मोठ्या अभिमानाने तिला पुढे बोलावले. चार दिवस ती "आवो, तुमाला एक सांगायचं हाय" म्हणत होती आणि मी "प्रयोग झाल्यावर" म्हणत होतो. आताही ती पदर तोंडाशी धरून "नका वो" म्हणाली. मला वाटले, लाजते.

तिने गोफण फिरवली. दगड दिसेनासा झाला आणि आठ सेकंदांनी पाटलांच्या जोड्यात येऊन पडला (पाय जोड्यात नव्हता, ही पांडुरंगाची कृपा). वेग एकशे अठ्ठावीस फूट! मी भिंतीवर कोळशाने मांडले. धोंडा बत्तीस छटाक, त्याचा जोर चार हजार शहाण्णव. लहान दगड एकच छटाक, पण जोर आठ हजार एकशे ब्याण्णव, बरोब्बर दुप्पट. मी गहिवरून विचारले, बोला मंडळी, असा दगड मारणारे गावात आहे कोण?

सगळे केसरकडे पाहत होते. गोफण अजून तिच्याच हातात होती.

"म्याच मारला," ती म्हणाली. "पाखरावर मारलता, बैल आडवा आला. चार दिस झाले सांगती, पर मास्तर ऐकतच न्हाईत. शहादेवभाऊची राखण मी जाऊ देनार नव्हते."

मामा, मला फार लाज वाटली. जे तिने एका वाक्यात सांगितले असते, ते मी चिखल तुडवून काढले. शहादेव रडत तिच्या पाया पडला. माझ्या नाही, आणि ते योग्यच होते.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला जावई,
राधाकिशन

ताजा कलम: बैल जायबंदी केला तर तो बरा होईपर्यंत आपला बैल द्यायचा, अशी इथली रीत. आमच्याकडे बैल नाही. तरी पांढरा खोंड महिनाभरासाठी तातडीने पाठवावा.

आणखी एक: तोवर पाटलांच्या मोटेवर, उरलेल्या बैलाच्या जोडीला, जुवाखाली मी आहे. काल माझाही जोर काढून पाहिला. वजन दीड मण भरते, पण वेग इतका थोडा की वर्ग केल्यावर काही उरेना.

शेवटचे: केसर सांगते ते जसेच्या तसे लिहितो. "बाबा, खोंडाची घाई करू नका. मानंवर जू आलं तवापासून मास्तर माझं समदं ऐकून घेतेत."