पुढे कधीतरीचं खोकं

आमच्या खारूताईस,

दोन दिवसांत तू घर आवरून गेलीस आणि मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं. लाकूड तासायची पटाशी कपाटात, रंग माळ्यावर, बासरी चादरींच्या घडीत. त्यात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, तीही एवढ्या मोठ्या अक्षरांत, जणू मी ठार आंधळा झालोय. "बाबा, वय झालं, आता पसारा झेपत नाही तुम्हाला," म्हणालीस. अगं, पसारा झेपत होता. ही आवराआवर झेपत नाही.

तू गेल्यावर मी रागारागाने सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या. शेवटी पलंगाखालचं खोकं ओढलं. त्यात माझी सगळी अर्धवट कामं निघाली: तीन पायांचा लाकडी घोडा, आकाश न रंगवलेलं चित्र, असलंच काहीबाही. वर तुझी चिठ्ठी, "पुढे कधीतरी".

मी तिथेच फरशीवर बसलो. परवा चष्मेवाला म्हणाला, "काका, साधीच फ्रेम घ्या, आता कशाला महागाची?" तुझी आत्या फोन करते ती कोण गेलं ते सांगायला. आणि तू मात्र माझ्या नावावर "पुढे" लिहून मोकळी झालीस, तेही काही विचार न करता.

तेवढी एक चिठ्ठी ठेवली आहे. हे तुला कळलं तर पुन्हा घर आवरायला येशील, म्हणून पत्र पोस्टात टाकत नाही, त्याच खोक्यात ठेवतो. जागा झाली आहे. घोडा बाहेर काढलाय, त्याचा चौथा पाय आज करायला घेतला.

तुझा,
पसारेवाला बाबा